फवारणीची वही

निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदाराच्या घरात, खिडकीच्या कट्ट्यावर नाहीतर औषधांच्या खोलीत खिळ्याला अडकवलेली, एक वही असते. तारीख, प्लॉट, औषधाचं नाव, लिटरला किती मिली, कशासाठी मारलं: डावणी, भुरी, थ्रिप्स. निर्यातीच्या बागेला ही नोंद ठेवावीच लागते. पण गावच्या बाजारात माल देणारेही ती ठेवतात, कारण ऑक्टोबरच्या छाटणीनंतर फवारण्यांची इतकी घाई होते की कुठल्या दिवशी काय मारलं ते डोक्यात राहत नाही.

कुणाला पार्किन्सनचा, म्हणजे कंपवाताचा संशय असेल आणि घरात अशी वही असेल, तर ती मागून घ्यावी आणि पाच-सहा हंगाम मागं चाळावी. आधीच्या पानांवर अक्षर ठसठशीत असतं. मग एका हंगामात ओळ नीट सुरू होते आणि उजवीकडं जाता जाता बारीक होत मुंगीएवढी होते. पुढच्या हंगामात पहिल्याच शब्दापासून अक्षर बारीक. त्यानंतर नोंदी मुलाच्या नाहीतर सुनेच्या हातच्या. घरचे म्हणतात, ‘दोन महिन्यांपासून हात थरथरतोय.’ वही तीन वर्षं मागचं दाखवते.

अक्षर बारीक का होतं हे कळलं की या आजाराचं मर्म कळतं. आपण चालताना हात हलवायचा असं ठरवत नाही, तो हलतो. लिहिताना प्रत्येक अक्षराची उंची ठरवत नाही, ती राहते. हे आपोआप चालू राहावं म्हणून मेंदूच्या मध्यभागी खोलवर पेशींचा एक काळसर पट्टा काम करत असतो. त्याला सब्स्टॅन्शिया नायग्रा म्हणतात, म्हणजे शब्दशः काळा पदार्थ. या पेशी डोपामिन तयार करतात. त्या मरू लागल्या की हालचाल पूर्ण थांबत नाही, ती आखडते. पाऊल पडतं पण छोटं, आवाज निघतो पण खोल गेलेला, पापणी लवते पण कमी वेळा. लक्षणं डोळ्यांत भरेपर्यंत तिथल्या साधारण निम्म्या पेशी संपलेल्या असतात. उरलेल्या पेशींत अल्फा-सिन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गाठी साठलेल्या दिसतात. या गाठी फ्रेडरिक लेव्ही या जर्मन डॉक्टरांनी १९१२ मध्ये पाहिल्या, म्हणून त्या लेव्ही बॉडी.

थरथर हीच खूण धरून बसल्यामुळे आपल्याकडं फार लोकांचं निदान उशिरा होतं. साधारण चार-पाच रुग्णांत एकाला थरथर नसतेच. असते तेव्हा ती हात मांडीवर निवांत असताना येते, सेकंदाला चार ते सहा वेळा, आणि अंगठा-तर्जनी अशी हलते की जणू देवासाठी वाती वळणं चाललंय. हात पुढं करून कप उचलला की ती थोडा वेळ थांबते. याच्या उलट, कप उचलतानाच चहा बशीत सांडत असेल, सही करताना दोन्ही हात कापत असतील, मानही हलत असेल आणि घरात आणखी कुणाला तसं असेल, तर तो बहुधा इसेन्शियल ट्रेमर. त्याची औषधं वेगळी. या दोन्हींची गल्लत रोज होते आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

पार्किन्सन म्हणायला हालचाल मंदावलेली हवीच, आणि तिच्या जोडीला निवांत असतानाची थरथर किंवा ताठरपणा. डॉक्टर अंगठ्यावर तर्जनी दहा-पंधरा वेळा मोठी उघडून आपटायला सांगतात. पहिले तीन-चार ठोके छान पडतात, मग उघडझाप लहान होत जाते, मधेच अडकते. ही त्या वहीतल्या ओळीचीच गोष्ट. आजार जवळजवळ नेहमी एका बाजूनं सुरू होतो. म्हणून घरच्यांनी पाहायच्या गोष्टीही एका बाजूच्याच: चालताना एकच हात अंगाला चिकटलेला, एकाच पायातली चप्पल घासल्याचा आवाज, पोळी लाटताना एका बाजूला कमी दाब. एकच खांदा दुखतो, आखडतो, फ्रोझन शोल्डर म्हणून सहा-सहा महिने शेक घेतला जातो आणि हात काही मोकळा होत नाही. एमआरआय बहुतेक वेळा नॉर्मल येतो. तो दुसरं काही नाही ना हे पाहायला असतो. ‘एमआरआय नॉर्मल आहे, म्हणजे काही नाही’ असं म्हणून घरी परतणं ही मोठी चूक.

हातापर्यंत येण्याच्या कितीतरी आधी आजार इतरत्र पोचलेला असतो. हिंग-मोहरीच्या फोडणीचा, उदबत्तीचा वास येईनासा होतो. बद्धकोष्ठता जडते. झोपेत माणूस स्वप्नाबरहुकूम हात-पाय झाडतो, ओरडतो, शेजारी झोपलेल्याला फटका बसतो. एरवी स्वप्नाच्या वेळी शरीर सैल सोडण्याची जी व्यवस्था असते, तीच बिघडलेली असते. यांतली शेवटची खूण सगळ्यांत बोलकी. अशी झोप असलेल्या लोकांपैकी बऱ्याच जणांना पुढं काही वर्षांत पार्किन्सन किंवा त्याच्या जवळचा आजार होतो. वास जाणं किंवा पोट साफ न होणं एकेकटं असेल तर घाबरायचं काही कारण नाही, त्याची साधी कारणं शंभर आहेत. पण तिन्ही एकत्र दिसत असतील, तर मेंदूविकारतज्ज्ञांना एकदा दाखवावं.

मग घरात प्रश्न उभा राहतो: कशामुळे झालं? आणि उत्तर म्हणून कुणीतरी कुणाच्या तरी माथी दोष मारतं. मुलानं वेगळी चूल मांडली त्याचं टेन्शन, कर्जाचा घोर, भावकीतला वाद. हे फार दुखवणारं आहे आणि चुकीचंही. ताणानं असलेली थरथर वाढते, ताणानं या पेशी मरतात असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. वय हे सर्वांत मोठं कारण. सुरुवात बहुधा साठीच्या आसपास होते, पुरुषांत बायकांपेक्षा साधारण दीडपट. एखाद्या एकाच जनुकातल्या बिघाडानं होणारा पार्किन्सन पाच ते दहा टक्क्यांतच असतो. चाळिशीच्या आत सुरू झाला तर त्याची शंका जास्त. बाकीच्यांत थोडं जनुकांकडून आलेलं, थोडं वयाचं आणि थोडं बाहेरून आलेलं असतं. एका माणसापुरतं त्यातलं कुठलं किती, हे वेगळं काढून दाखवता येत नाही.

बाहेरून काय येऊ शकतं हे मात्र १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात फार भयंकर रीतीनं समोर आलं. चोरून बनवलेल्या नशेच्या पदार्थात एमपीटीपी नावाचं रसायन चुकून तयार झालं होतं. ते टोचून घेतलेली तरुण मुलं काही दिवसांत दगडासारखी ताठली. पार्किन्सनची सगळी लक्षणं, विशी-तिशीच्या वयात. ते रसायन मेंदूत बदलून डोपामिनच्या पेशींत शिरतं आणि पेशीला ऊर्जा देणारी यंत्रणा बंद पाडतं. त्याचं हे रूप रचनेनं पॅराक्वाट या तणनाशकाच्या फार जवळचं आहे, म्हणून संशोधकांचं लक्ष शेतीकडं वळलं. रोटेनोन हे कीटकनाशक पेशीतला तोच टप्पा अडवतं, आणि ते झाडाच्या मुळांतून मिळणारं, म्हणजे ‘नैसर्गिक’. निसर्गातलं म्हणून निर्धोक मानण्यात अर्थ नाही. द्राक्षांच्या आणि वाइनच्या देशानं, फ्रान्सनं, २०१२ मध्ये कीटकनाशकं हाताळणाऱ्या शेतकऱ्याच्या पार्किन्सनला व्यवसायजन्य आजार म्हणून मान्यता दिली. नाशिकमध्ये ही बातमी परकी वाटू नये.

फवारणाऱ्या बहुतेकांना हा आजार होत नाही, हेही तितकंच खरं. धोका वाढतो, तो किती हे कुठलं रसायन, किती वर्षं आणि अंगावर किती आलं यावर ठरतं. यातल्या पहिल्या दोन गोष्टी बागेच्या गरजेवर असतात. तिसरी आपल्या हातात असते, आणि तिथंच सर्वांत जास्त हयगय होते. बागेत उडणाऱ्या फवाऱ्याला आपण भितो, पण सर्वांत घातक घटका त्याआधीची, बाटलीतलं दाट औषध मोजून टाकीत ओततानाची. त्या वेळी हात उघडे असतात, झाकणानंच माप घेतलं जातं, ढवळायला काठी सापडली नाही तर हात घातला जातो. नायट्राइलचे हातमोजे, पुढून रबरी एप्रन आणि डोळ्यांना चष्मा एवढं फक्त मिसळताना घातलं तरी अंगावर येणारं औषध पुष्कळ कमी होतं. कापडी हातमोजे न घातलेले बरे. ते औषध शोषून कातडीला लावून ठेवतात. तोंडाला बांधलेला रुमाल थेंब थोडे अडवतो, वाफ अडवत नाही. तिला कार्ट्रिजचा, म्हणजे वाफ गाळणारी डबी बसवलेला मास्क लागतो आणि कार्ट्रिज बदलावं लागतं. नोझल तुंबलं की तोंडानं फुंकायचं नाही, जुना टूथब्रश खिशात ठेवायचा. ब्लोअर चालवताना ओळीची दिशा अशी धरायची की मागचा फवारा वाऱ्यानं अंगावर येणार नाही. फवारणीचे कपडे वेगळ्या बादलीत धुवायचे. घरात हे काम आईच्या नाहीतर बायकोच्या हाताला येतं, म्हणून तिलाही हातमोजे. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी टाकीतच ओतायचं, मग बाटलीला भोक पाडायचं, म्हणजे ती कुणाच्या पाण्याला जाणार नाही. आणि हे सगळं विहिरीच्या काठावर नाही.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगायला हवी. धातूच्या भागांवरचं तेल-ग्रीस काढायला वापरल्या जाणाऱ्या ट्रायक्लोरोएथिलीनचा, म्हणजे टीसीईचा पार्किन्सनशी संबंध दिसतो. अमेरिकेतल्या एका लष्करी तळावर पिण्याच्या पाण्यात हे रसायन वर्षानुवर्षं मिसळलं गेलं होतं. तिथं राहिलेल्या सैनिकांत पार्किन्सनचा धोका ७० टक्क्यांनी जास्त आढळला, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालं. डिग्रीझिंगच्या टाकीवर काम असेल तर डब्यावरचं नाव वाचावं आणि हवा खेळती आहे का ते पाहावं.

आतापर्यंत मी ‘औषध’ हा शब्द फवारणीसाठी वापरला, कारण बागेत तोच चालतो. पण घरातल्या डब्यातलंही औषधच, आणि तेही कधी कधी कारण असतं. कारणांच्या या गुंत्यात खात्रीनं सापडणारं आणि काढून टाकता येणारं कारण बहुतेकदा हे एकच, म्हणून मला ते सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ॲसिडिटी आणि पोट फुगण्यावर मिळणाऱ्या कित्येक कॅप्सूलमध्ये लेव्होसल्पिराइड असतं. रॅबेप्राझोल किंवा पॅन्टोप्राझोल या ॲसिडिटीच्या औषधांच्या जोडीला ते बारीक अक्षरांत छापलेलं असतं. पंधरा दिवसांसाठी दिलेली कॅप्सूल मेडिकलमधून तीच ती आणत दोन-दोन वर्षं सकाळी अनशापोटी घेतली जाते. हे औषध डोपामिनला मेंदूत बसायची जागाच अडवतं. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, चक्करवरचं सिनारिझिन आणि प्रोक्लोरपेराझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन, मानसिक आजारांवरची कित्येक औषधं हेच करतात. काही आठवडे किंवा महिने गेले की माणूस मंदावतो, ताठरतो, थरथरतो, आणि बऱ्याचदा दोन्ही बाजूंनी सारखाच. वयस्कर बायकांत हे जास्त दिसतं. औषध बंद केल्यावर बहुतेकांना काही आठवड्यांत, कधी सहा महिन्यांनी आराम पडतो. ज्यांना पडत नाही, त्यांच्यात बहुधा पार्किन्सन आधीपासून दबून असतो आणि औषधानं तो वर आणलेला असतो. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून न्याव्यात, ‘ही तर साधी गॅसची आहे’ म्हणून बाजूला ठेवलेली तर नक्कीच. मात्र मानसिक आजाराचं औषध आपल्या मनानं बंद करू नये. ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच बदलायचं.

गंमत अशी की या आजारावरचा उपायही अशाच एका औषधाच्या मागोमाग सापडला. आपल्या सर्पगंधेपासून काढलेलं रेझर्पिन रक्तदाबासाठी दिलं जायचं, आणि ते मेंदूतलं डोपामिन संपवतं. स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमाराला ते सशांना दिलं, ससे कान पाडून निपचित पडले. मग लेव्होडोपा, म्हणजे मेंदूत गेल्यावर ज्याचं डोपामिन बनतं ते द्रव्य, टोचलं आणि ते उठून हिंडू लागले. २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. आजही लेव्होडोपाइतकं गुणकारी दुसरं औषध नाही. ते लवकर सुरू केलं तर ‘त्याचा गुण संपून जाईल’ ही भीती खोटी आहे. आजार पुढं सरकतो, म्हणून काही वर्षांनी डोसचा परिणाम लवकर ओसरू लागतो.

पाकिटावरचा आकडा वाचता यायला हवा. ११० म्हणजे १०० मिलिग्रॅम लेव्होडोपा आणि १० कार्बिडोपा. १२५ म्हणजे १०० आणि २५. २७५ म्हणजे २५० आणि २५. कार्बिडोपाचं काम लेव्होडोपाला मेंदूत पोचेपर्यंत वाटेत फुटू न देणं, आणि त्यासाठी दिवसाला साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम लागतं. ११० च्या तीन गोळ्यांत ते ३० च भरतं, म्हणून मळमळ होते आणि ‘गोळी सोसत नाही’ असं वाटून ती सोडली जाते. १२५ च्या तीन गोळ्यांत ७५ मिळतं. डॉक्टरांना हे विचारायला संकोच करू नये. मळमळीवर डोम्पेरिडोन चालतं, पण तेही हृदयाचा त्रास नाही ना हे डॉक्टरांनी पाहून. मेटोक्लोप्रामाइड चालत नाही.

आणि वेळ. लेव्होडोपा आतड्यातून ज्या वाटेनं रक्तात जातं, त्याच वाटेनं प्रथिनांचे अंश जातात. गर्दी झाली की गोळी मागं राहते. दुधाबरोबर गोळी घेण्याची आपल्या आजी-आजोबांची सवय इथं मोडायला हवी. साडेसातला पाण्याबरोबर गोळी आणि आठ-सव्वाआठला मटकीची मिसळ, तर हात चालतो. मिसळीनंतर लगेच गोळी घेतली, तर अकरापर्यंत पाय उचलत नाहीत आणि दोष गोळीला जातो. डाळ-दूध बंद करायचं नाही, अंतर ठेवायचं: जेवणाआधी अर्धा ते एक तास, नाहीतर नंतर दीड-दोन तास. लोहाची गोळीही दोन तास लांब. एकादशीला, चतुर्थीला गोळी चुकवायची नाही. पाण्याबरोबर गोळीनं उपास मोडत नाही असं घरातल्या मोठ्यांनी मोकळेपणानं सांगावं. एकदम गोळ्या बंद केल्या तर ताप, प्रचंड ताठरपणा, जिवावरचा प्रसंग येऊ शकतो.

खाजकुइली, म्हणजे कवचबीज, यात खरोखरच लेव्होडोपा असतं. पण दर बियांच्या खेपेला ते कमी-जास्त असतं आणि चूर्णाच्या चमच्यात किती आलं ते कळत नाही. गोळ्यांवर चूर्ण चढवलं की हात-पाय वेडेवाकडे हलू लागतात, रक्तदाब उतरतो, माणसाला नसलेलं दिसू लागतं. घ्यायचंच असेल तर गोळ्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक असू द्यावं.

गोळीइतकाच चालण्याचा विचार करावा. पाय जमिनीला चिकटतो तो बहुधा दारात, वळताना, अरुंद बोळात. पंचवटीतल्या जुन्या वाड्यांत उंच उंबरठे आणि काळोखे जिने, तिथं तर फारच. पण सपाट रस्त्यावर अडलेला हाच माणूस गोदाघाटाच्या पायऱ्या सरळ चढतो, आणि घरचे म्हणतात, नाटक करतोय. ते नाटक नसतं. आपोआप चालण्याची वाट बंद पडलेली असते, पण डोळ्यांना दिसणाऱ्या रेषेवर पाऊल टाकण्याची वाट शाबूत असते. पायरी ही दर पावलाला मिळालेली रेषा आहे. म्हणून बाथरूमच्या वाटेवर आणि दारापुढं जमिनीवर ठळक रंगाच्या चिकटपट्ट्या माणसाच्या पावलाच्या अंतरानं, चाळीस-पन्नास सेंटिमीटरवर लावाव्यात. जुन्या घरात शहाबादी फरशीचे सांधे असतील तर त्यांवरूनच पाऊल टाकायला सांगावं. अडला की हाताला धरून ओढू नये, तोल जातो. थांबायचं, श्वास घ्यायचा, अंग डावी-उजवीकडं झुलवायचं, ‘एक’ म्हणून पाऊल उंच उचलायचं. टाळ-भजनाच्या ठेक्यावरही पाऊल सुटतं. निफाडचा पारा उतरतो त्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे ताठरपणा जास्त असतो. त्या दिवसांत पहिली गोळी उशाशी, तांब्याजवळ ठेवावी आणि ती लागू होईपर्यंत अंथरुणातून घाईनं उठू नये. उठताना आधी दोन मिनिटं काठावर बसावं, कारण रक्तदाबही पडतो.

या सगळ्याला एक नवी वही लागते. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत: पार्किन्सनची गोळी वेळेवरच, मेटोक्लोप्रामाइड नको. दवाखान्यात भरती झाल्यावर हे पान वर ठेवायचं. पुढच्या पानांवर चार रकाने: गोळी किती वाजता, खाल्लं काय, हात-पाय कधी मोकळे झाले, कधी पुन्हा आखडले. तीन दिवसांची अशी नोंद डॉक्टरांच्या हातात दिली, तर डोस कुठं हलवायचा ते त्यांना लगेच दिसतं. वही शाळेतली दुरेघी घ्यावी आणि नोंद ज्याची त्यानंच करावी. वर-खाली रेघ असली की अक्षर तिला जाऊन टेकतं. एकेक अक्षर सावकाश, दोन्ही रेघांना लावून.